तापाच्या पेशंटमध्ये पीसीटी, सीआरपी आणि लॅक्टेट: कॅज्युअल्टीत कोणता आकडा किती मानायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी ४० खाटांचं हॉस्पिटल, पावसाळ्यात कॅज्युअल्टीत रोज तापाचे पेशंट. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (सूज किंवा इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रोटीन) घरच्या लॅबमध्ये होतं, प्रोकॅल्सिटोनिन बाहेर पाठवावं लागतं. सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडू लागणं) लवकर ओळखायला कोणते मार्कर, म्हणजे रक्तातल्या खुणा, ठेवावेत, कोणत्या आकड्याला अँटिबायोटिक सुरू करावं, आणि प्रोकॅल्सिटोनिन नॉर्मल आलं तर अँटिबायोटिक न देता थांबता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण चूक तिथेच महागात पडते. बीपी पडलंय, पेशंट बरळतोय किंवा पेंगतोय, श्वास मिनिटाला ३० आहे, अशा पेशंटचं प्रोकॅल्सिटोनिन (यापुढे पीसीटी) ०.०८ इतकं कमी आलं तरी अँटिबायोटिक थांबवायचं नाही. रिपोर्टची वाट पाहण्याचा तर प्रश्नच नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२१ च्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे पीसीटीवरून ठरवू नका, क्लिनिकल तपासणीवरून ठरवा. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाभरात पहिला डोस. शॉक नाही, सेप्सिस असेलही आणि नसेलही, अशा पेशंटला झटपट तपासण्या करायला ३ तासांची मुदत आहे. त्यानंतरही शंका राहिली तर डोस द्यायचा. मार्करचा खरा उपयोग या ३ तासांच्या पेशंटमध्ये आहे. एका टोकाला शॉकचा पेशंट आणि दुसऱ्या टोकाला सर्दी-खोकल्याचा चालता-बोलता तरुण, या दोघांमध्येही अँटिबायोटिक सुरू करायचं का, हे ठरवायला पीसीटी मागवणं म्हणजे पैसे वाया.

असं का, ते गणितातून लगेच दिसतं. २०१३ साली ३० अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सेप्सिससाठी पीसीटीची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती पकडले जातात) ७७ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) ७९ टक्के निघाली. हेच आकडे धरून चला. ज्यांच्यात सेप्सिसची शक्यता १० टक्के आहे असे १,००० पेशंट घ्या. १०० जणांना खरोखर सेप्सिस. त्यातले ७७ पकडले जातील, २३ सुटतील. उरलेल्या ९०० पैकी १८९ जणांचा रिपोर्ट विनाकारण पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २६६ पैकी खरे फक्त ७७, जेमतेम २९ टक्के. निगेटिव्ह रिपोर्ट मात्र ९७ टक्के वेळा बरोबर. आता उलट बाजू. तपासणीनंतर तुमचं मन सांगतंय की ६० टक्के सेप्सिस आहे. असे १०० पेशंट घेतले तर ६० पैकी १४ सुटतील, आणि सेप्सिस नसलेल्या ४० पैकी ३२ निगेटिव्ह येतील. एकूण ४६ निगेटिव्ह रिपोर्ट, त्यातले १४ खोटे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही ३० टक्के सेप्सिस! इतक्या शक्यतेवर कोणीही शहाणा डॉक्टर पेशंटला विनाऔषध ठेवणार नाही. चाचणी तीच आणि किटही तेच. बदलली ती फक्त रिपोर्टच्या आधीची शक्यता, आणि ती लॅब काढून देत नाही, पेशंटजवळ उभं राहूनच काढावी लागते.

म्हणून आधी पेशंट. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये सरसकट सगळ्यांचा १८ किंवा २० लिहिलेला असतो, तो कोणी मोजलेला नसतो. क्यूसोफा (श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत फरक) ही यादी डोक्यात असू द्या, पण एकट्या तिच्यावर चाळणी लावू नका. तीनपैकी एकही नसलेले काही पेशंटही पुढे आयसीयूत जातात. मूत्र किती तासांपूर्वी झालं, हे नातेवाइकांना विचारा. पेशंटला आठवत नसतं.

रक्तातला पहिला मार्कर लॅक्टेट, म्हणजे पेशी अडचणीत असल्या की रक्तात वाढणारा पदार्थ. त्याने इन्फेक्शन आहे की नाही हे कळत नाही. पेशंट किती अडचणीत आहे ते कळतं. २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं की लक्ष द्या आणि २ ते ४ तासांत परत करा. ४ किंवा जास्त असेल तर बीपी १२० असलं तरी तो शॉकचाच पेशंट समजा. २०१६ च्या सेप्सिस-३ व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणजे पुरेसं सलाईन दिल्यानंतरही मीन (सरासरी) बीपी ६५ ठेवायला व्हॅसोप्रेसर (बीपी वाढवणारं औषध) लागणं आणि लॅक्टेट २ च्या वर असणं, दोन्ही एकत्र. सुरुवातीचं सलाईन ३ तासांत किलोला ३० मिलि: ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलि, म्हणजे ५०० च्या साडेतीन बाटल्यांहून थोडं जास्त. हा हिशेब डेंग्यूला लावू नका. तिथे बीपी टिकून असलेल्या शॉकमध्ये मोठ्या माणसाला किलोला ५ ते १० मिलि तासाभरात द्यायचं आणि पुढचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि पेशंटची स्थिती पाहून ठरवायचं. सेप्सिसच्या हिशेबाने सलाईन ओतलं की दुसऱ्या दिवशी फुफ्फुसाभोवती पाणी दिसतं.

लॅक्टेटचा आकडा बहुतेक वेळा सॅम्पल घेतानाच बिघडतो, म्हणून हे जरा सविस्तर. नळीत घेतलेलं रक्त जिवंतच असतं. लाल पेशी ग्लुकोज खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. साध्या लाल झाकणाच्या व्हॅक्युटेनरमध्ये रक्त घेऊन ते ४० मिनिटं ट्रॉलीवर पडून राहिलं की लॅक्टेट आपोआप वाढतं. ल्युकेमियासारख्या आजारात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असतील तर ते आणखी वेगाने वाढतं, आणि त्याच नळीत शुगर खोटी कमी दिसते. म्हणून करड्या झाकणाची फ्लोराइड-ऑक्झलेटची नळी वापरा, तीही बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पाठवा. फ्लोराइडमुळे पेशींचं हे काम पूर्ण थांबायलाही थोडा वेळ लागतो, म्हणून बर्फ. हेपरिनच्या सिरिंजमधून एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर करत असाल तर १५ मिनिटांच्या आत. करड्या नळीतून सोडियम-पोटॅशियम करू नका, नळीतलंच मीठ मोजलं जाईल.

टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) घट्ट बांधून ‘मूठ आवळा, सोडा, आवळा’ असं करायला लावलं की हाताच्या स्नायूंचं लॅक्टेट रक्तात येतं. टूर्निके लावायचाच तर मिनिटभराच्या आत सॅम्पल घ्या. ज्या हाताला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) चालू आहे त्या हातातून घेऊ नका. आरएलच्या बाटलीतच लॅक्टेट असतं. (दुसऱ्या हातातून घेतलं तर चालू आरएलमुळे आकडा विशेष बदलत नाही, ‘लॅक्टेट वाढेल म्हणून आरएल नको’ ही भीती सेप्सिसच्या पेशंटमध्ये बाजूला ठेवा.) आर्टरीतूनच हवं असं नाही, शिरेतलं चालतं. शिरेतलं २ च्या खाली असेल तर प्रश्न मिटला. वर असेल तर आर्टरीतलं थोडं कमी निघू शकतं. बोटाला टोचून स्ट्रिपवर लॅक्टेट दाखवणारी छोटी मशीन मिळतात. शॉकमध्ये बोटं थंड पडलेली असतात, तिथल्या थेंबावर विश्वास नको. शिरेतलं रक्त स्ट्रिपवर टाका, अर्थात किटच्या पत्रकात तशी परवानगी असेल तर.

इन्फेक्शनशिवाय लॅक्टेट वाढवणारी यादी मोठी आहे. दम्याच्या पेशंटला लागोपाठ सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दिलं की ४-५ पर्यंत जातं. फिट (आकडी) येऊन गेल्यावर वाढतं आणि तास-दोन तासांत उतरतं, म्हणून पुन्हा करा. मेटफॉर्मिनवर असताना किडनी बसलेली असली, लिव्हर सिरोसिस असला, ॲड्रेनॅलिन चालू असलं, दारूमुळे थायमिन कमी असलं तरी वाढतं. न्यूमोनिया आणि दमा एकत्र असलेल्या पेशंटमध्ये लॅक्टेट कोणाचं, हे नेब्युलायझेशनच्या आधीच सॅम्पल घेतलं तरच कळतं.

तुमच्याकडे लॅक्टेट होत नसेल तर हात बांधलेले नाहीत. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत सेप्टिक शॉकच्या पेशंटना एका गटात लॅक्टेट पाहून आणि दुसऱ्या गटात कॅपिलरी रिफिल (दाबून पांढरी पडलेली त्वचा पुन्हा लाल व्हायला लागणारा वेळ) पाहून उपचार दिले. २८ दिवसांचा मृत्युदर लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, कॅपिलरी रिफिलच्या गटात ३४.९ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला, पण कॅपिलरी रिफिल लॅक्टेटपेक्षा वाईट ठरली नाही, एवढं नक्की. ती पद्धत मात्र नेमकी पाळा: काचेची स्लाइड उजव्या तर्जनीच्या टोकाच्या मांसल भागावर दाबा, तिथली त्वचा पांढरी पडू द्या, तसंच १० सेकंद धरा, सोडा आणि घड्याळात पाहा. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ॲबनॉर्मल. नुसतं नख चिमटीत दाबून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं ही ती तपासणी नव्हे. खोलीतला एसी जोरात असेल तर बोट गार पडून वेळ वाढतो, हेही लक्षात असू द्या.

आता सीआरपी. १९३० मध्ये न्यूमोकोकल न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलेलं हे प्रोटीन लिव्हर बनवतं, इंटरल्युकिन-६ या सुजेच्या रसायनाचा निरोप आल्यावर. त्यामुळे ते उशिरा जागं होतं: ६ ते ८ तासांनी वाढायला लागतं आणि साधारण ४८ तासांनी शिखर गाठतं. दुपारी ४ वाजता थंडी वाजून ताप आलेला माणूस ७ वाजता तुमच्याकडे आला तर त्याचं सीआरपी ६ असणं अगदी स्वाभाविक आहे, भले रक्तात ई. कोलाय का फिरत असेना. म्हणून केस पेपरवर ताप कधी चढला ती वेळ लिहा, आणि सीआरपीच्या आकड्याशेजारी ‘तापानंतर इतके तास’ असं लिहायची सवय लावा. हीच सवय पीसीटीलाही लावा.

सीआरपीत सर्वांत मोठा घोळ युनिटचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. १२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे १२० मिग्रॅ प्रति लिटर. दुसऱ्या हॉस्पिटलचा ‘सीआरपी १२’ आणि तुमचा ‘सीआरपी ११०’ शेजारी ठेवून पेशंट नऊ पटीने बिघडला असं ठरवलेलं पाहायला मिळतं. प्रत्यक्षात तो किंचित सुधारलेला असतो. तसंच हृदयविकाराच्या धोक्यासाठी करतात ते एचएस-सीआरपी या कामाला मागवू नका.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने न्यूमोनियाची शंका असलेल्या ओपीडीच्या पेशंटसाठी हिशेब दिला होता: २० मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली अँटिबायोटिक नको, १०० च्या वर द्या, मधल्यांना चिठ्ठी देऊन ठेवा आणि बिघडलं तरच घ्यायला सांगा. हा हिशेब चालत्या-फिरत्या माणसांचा आहे, स्ट्रेचरवरच्यांचा नाही. सीआरपी संधिवाताच्या झटक्यात, स्वादुपिंडाच्या सुजेत, ऑपरेशननंतरही वाढतं. लिव्हर फेल असेल तर वाढायचं तेवढं वाढत नाही. टोसिलिझुमॅब (इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणारं औषध) घेतलेल्या पेशंटमध्ये ते जवळजवळ गायबच होतं. त्या पेशंटचं नॉर्मल सीआरपी कागदावर असून नसल्यासारखं.

पीसीटीकडे येऊ. एरवी थायरॉइडच्या सी पेशी ते कॅल्सिटोनिन बनवण्यासाठी तयार करतात आणि रक्तात जवळजवळ काहीच सोडत नाहीत. जिवाणूंची विषं रक्तात आली की लिव्हर, फुफ्फुस, चरबी अशा अनेक ठिकाणच्या पेशी ते थेट रक्तात सोडू लागतात. व्हायरल आजारात तयार होणारं इंटरफेरॉन-गॅमा हीच क्रिया दाबून धरतं. बॅक्टेरियल आणि व्हायरल यांत फरक करण्याची पीसीटीची ताकद यातून येते. ३-४ तासांत ते वाढू लागतं, ६ ते २४ तासांत शिखर गाठतं, आणि मूळ आटोक्यात आलं की साधारण दर २४ तासांनी निम्मं होतं.

आकड्यांची ढोबळ वाटणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये अशी: ०.१ च्या खाली बॅक्टेरियल इन्फेक्शनची शक्यता फार कमी, ०.१ ते ०.२५ कमी, ०.२५ ते ०.५ शक्य, ०.५ च्या वर बरीच, २ च्या वर सेप्सिस गंभीरपणे घ्या, १० च्या वर बहुधा सेप्टिक शॉक किंवा त्याच्या उंबरठ्यावर. ०.२५ ची रेषा छातीच्या इन्फेक्शनसाठी, ०.५ ची आयसीयूतल्या पेशंटसाठी ठरवलेली आहे. एकीचा आकडा दुसरीकडे नेऊ नका. लॅबच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल ०.०५ पर्यंत’ छापलेलं असतं आणि ०.१८ वर लाल बाण येतो. तो बाण अँटिबायोटिकचा आदेश नाही.

किट घेताना एक गोष्ट विचारा: आकडा देतं की पट्टी? कार्डावरचं पट्टीचं किट ‘०.५ च्या खाली, ०.५ ते २, २ ते १०, १० च्या वर’ एवढंच सांगतं. त्यावर ०.२५ चा निर्णय घेता येत नाही आणि ‘८० टक्के उतरलं का’ हेही मोजता येत नाही. शिवाय पट्टी ठरल्या वेळेलाच वाचावी लागते; रात्रपाळीचा टेक्निशियन तासाभराने वाचेल तर रेषा गडद झालेली असते. बाहेर पाठवायचं असेल तर एका पेशंटचं सगळं पीसीटी एकाच लॅबला पाठवा, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये काही कंपन्यांच्या मशीनवर पीसीटी खोटं कमी येऊ शकतं. हा प्रश्न तरुण मुलींना जरूर विचारा.

खोटं जास्त कधी येतं: मोठा अपघात, मोठं ऑपरेशन, भाजणं, कार्डिॲक अरेस्टमधून परत आलेला पेशंट, उष्माघात. विदर्भात मे महिन्यात ४२ अंश तापाने बेशुद्ध आलेल्या पेशंटचं पीसीटी १५ असलं तरी तो निव्वळ उष्माघात असू शकतो. बर्फ आधी, कल्चर आणि अँटिबायोटिकचा विचार सोबतच. डायलिसिसवरच्या पेशंटचं एरवीच ०.५ च्या आसपास किंवा वर असतं. मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरमध्ये ते कायम जास्त असतं. नवजात बाळात जन्मानंतर पहिले २-३ दिवस ते नैसर्गिकपणे चढतं, तेव्हा मोठ्यांचे आकडे लावू नका. खोटं कमी कधी: पहिल्या काही तासांत, भिंतीत बंद झालेल्या गळवात, मंदगतीच्या एंडोकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या झडपांचं इन्फेक्शन), टीबीत आणि मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात. हार्टच्या झडपेला आजार असलेला, महिनाभर बारीक ताप असलेला पेशंट पीसीटी ०.२ बघून घरी पाठवू नका. त्याला तीन ठिकाणांहून ब्लड कल्चर लागतं.

आता पावसाळा. इथे परदेशी पुस्तकं कमी पडतात, कारण पीसीटी ‘बॅक्टेरिया की व्हायरस’ असा प्रश्न गृहीत धरतं आणि आपल्याकडे तिसरे बरेच जण रांगेत असतात. फाल्सिपेरम मलेरियात पीसीटी खूप वाढतं, व्हायवॅक्समध्येही वाढू शकतं. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) वाढतं, स्क्रब टायफसमध्ये (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) वाढतं. त्यामुळे कोकणातल्या भातशेतीतून आलेल्या तरुणाचं पीसीटी ६ पाहून मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक सुरू करणं आणि मलेरियाची स्लाइड उद्यावर टाकणं, ही चूक जिवावर बेतते. पीसीटी बाहेर पाठवण्याआधी मलेरियाचं रॅपिड कार्ड आणि स्लाइड झालेली असलीच पाहिजे. खर्चही कमी आणि उत्तर अर्ध्या तासात.

लेप्टो ओळखायला पीसीटीपेक्षा रोजच्याच चाचण्यांची जोडी कामाची: बिलिरुबिन १० आणि एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) मात्र १२० च्या घरात, सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) वाढलेलं, पोटऱ्या दाबल्या की पेशंट कळवळतो, क्रिएटिनिन ३ पण पोटॅशियम नॉर्मल किंवा कमी. किडनी फेल असून पोटॅशियम ३.२ हे चित्र दिसलं की पहिला विचार लेप्टोचा. सेफ्ट्रिॲक्सोन तिथे चालतं. स्क्रबला मात्र सेफ्ट्रिॲक्सोन लागू पडत नाही. मेरोपेनेमही नाही. पीसीटी ४, प्लेटलेट ६० हजार, ताप पाचवा दिवस, दोन दिवस सेफ्ट्रिॲक्सोन देऊनही उतार नाही: पेशंटचे सगळे कपडे काढून एशर शोधा. काख, जांघ, नाडी बांधतात ती कंबर, बायकांमध्ये स्तनांखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग, बहुधा दुखत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. डाग नसला तरी संशय असेल तर डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू करा. गंभीर स्क्रबमध्ये शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देणं एकेका औषधापेक्षा सरस ठरलं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसलं आहे.

साध्या डेंग्यूत पीसीटी आणि सीआरपी दोन्ही सहसा खालीच असतात, पांढऱ्या पेशी ३ हजारांपर्यंत उतरलेल्या, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त. एनएस१ (डेंग्यूची चाचणी) पॉझिटिव्ह आलेल्या पेशंटचं सीआरपी १५० आणि पीसीटी ५ असेल तर डेंग्यूचं लेबल लावून स्वस्थ बसू नका: एक तर शॉक सुरू झालाय, नाहीतर जोडीला दुसरं इन्फेक्शन आहे. अशा ठिकाणी मार्करचे पैसे पुरेपूर वसूल होतात.

सीबीसी फुकटात पडलेलं असतं आणि नीट वाचलं जात नाही. एकूण पांढऱ्या पेशी ९ हजार म्हणून सगळे निर्धास्त, पण बँड पेशी (अर्धवट तयार झालेल्या पांढऱ्या पेशी) १८ टक्के आहेत हे मशीनच्या छापील कागदावर येतच नाही. फक्त ‘लेफ्ट शिफ्ट’ची खूण असते. ती खूण दिसली की स्लाइड करून हाताने मोजायला सांगा. १० टक्क्यांच्या वर बँड, टॉक्सिक ग्रॅन्युल्स, इओसिनोफिल शून्य, प्लेटलेट कालच्यापेक्षा ८० हजारांनी कमी, हे सगळं मिळून एका पीसीटीच्या तोडीचं आहे. स्टिरॉइडवरच्या पेशंटमध्ये पांढऱ्या पेशी १८ हजार असू शकतात, पण बँड सहसा वाढत नाहीत. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि ताप असेल तर मार्करचा खेळ नको: कल्चर आणि तासाभरात अँटिबायोटिक.

सॅम्पलचा क्रम: ब्लड कल्चर आधी, मग सीरमची नळी, मग ईडीटीए, शेवटी करडी. ईडीटीएची नळी आधी भरली तर सुईला लागलेल्या पोटॅशियममुळे पुढच्या नळीत पोटॅशियम वाढलेलं दिसतं. कल्चर दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. बाटलीत ३ मिलि टाकून ‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणण्याला काही अर्थ नाही. त्वचा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने ३० सेकंद घासा, पूर्ण वाळू द्या, नंतर शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढल्यावर रबर निर्जंतुक असतं असं नाही, तेही स्पिरिटने पुसा. शिरा सापडत नाहीत म्हणून कल्चरला ४५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात असेल तर सोडा आणि अँटिबायोटिक द्या.

नवीन मार्करबद्दल विचारणारे बरेच असतात, तर थोडक्यात. मोनोसाइट पेशींच्या आकारातली तफावत मोजणारा एमडीडब्ल्यू हा आकडा काही सीबीसी मशीनवर आपोआप येतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मोठ्या माणसांच्या कॅज्युअल्टीसाठी त्याला मान्यता दिली. के-२ ईडीटीए नळीत २० च्या वर संशय, के-३ नळीत २१.५ च्या वर, आणि सॅम्पल दोन तासांत चालवलेलं हवं. मशीन आधीच असेल तर वापरा, त्यासाठी नवं घेऊ नका. ट्रेल, आयपी-१० आणि सीआरपी एकत्र करून ० ते १०० गुण देणारी मीमेड बीव्ही चाचणी २०२१ मध्ये अमेरिकेत आली: ३५ च्या खाली व्हायरलकडे, ६५ च्या वर बॅक्टेरियलकडे. कल्पना चांगली आहे, कारण ट्रेल व्हायरलमध्ये वाढतं आणि बॅक्टेरियलमध्ये घटतं. पण मलेरिया-स्क्रबच्या रांगेत ती कशी वागते, यावर तालुक्याचा कारभार उभा करावा अशी वेळ आलेली नाही. इंटरल्युकिन-६ आणि प्रेसेप्सिन ४० खाटांच्या जागी नकोत.

तान्ह्या बाळांचं वेगळं. ६० दिवसांच्या आतल्या तापाच्या बाळासाठी अमेरिकेच्या पीकार्न गटाने २०१९ मध्ये दिलेला नियम: लघवी स्वच्छ, न्यूट्रोफिलची संख्या ४,०९० किंवा कमी, पीसीटी १.७१ किंवा कमी, तर गंभीर बॅक्टेरियल इन्फेक्शनचा धोका फार कमी. पण बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल किंवा दिसायलाच आजारी असेल तर हा नियम वापरू नका, पूर्ण तपासण्या करा आणि भरती करा.

तर तुमच्या हॉस्पिटलसाठी माझं मत: लॅक्टेट आधी घ्या, एबीजी मशीन परवडत नसेल तर शिरेतल्या रक्तावर चालणारं हातातलं. सीआरपी आकड्यात देणारं, मिग्रॅ प्रति लिटरमध्ये. मलेरिया, डेंग्यूची कार्डं चोवीस तास. पीसीटी बाहेर पाठवत राहा, पण भरती होणाऱ्या आणि अँटिबायोटिक सुरू झालेल्या पेशंटचंच, आणि ते पहिल्या रक्तासोबतच. त्याचा मोठा उपयोग आज रात्री नाही, चौथ्या दिवशी आहे. नेदरलँड्समधल्या सॅप्स चाचणीत (२०१६) नियम होता: पीसीटी शिखराच्या ८० टक्क्यांनी उतरलं किंवा ०.५ पर्यंत खाली आलं की अँटिबायोटिक थांबवा. ब्रिटनच्या अडॅप्ट-सेप्सिस चाचणीत (२०२४) रोज पीसीटी पाहून अँटिबायोटिकचा काळ सरासरी १०.७ दिवसांवरून ९.८ दिवसांवर आला, मृत्यू न वाढता. सीआरपी पाहून मात्र तो कमी झाला नाही. आलं तेव्हा ८, दुसऱ्या सकाळी १२, मग ६, मग २.२ : शिखर १२ धरायचं, ८० टक्के उतरणं म्हणजे २.४ च्या खाली, चौथ्या दिवशी पेशंट जेवतोय आणि ताप नाही, तर बंद करता येतं. कॅज्युअल्टीतलं पहिलं सॅम्पल घेतलंच नसेल तर हे गणित मांडताच येत नाही. आणि ८, १४, १९ असं चढत असेल तर अँटिबायोटिक वाढवण्याआधी सोनोग्राफी करा. बहुतेक वेळा कुठेतरी पू साचलेला असतो किंवा किडनीचा मार्ग तुंबलेला असतो.

राहता राहिले बाहेरून ‘फिव्हर पॅकेज’ करून येणारे. पीसीटी ०.१८ वर लाल बाण, सोबत घाबरलेली बायको, ‘डॉक्टर, सेप्सिस आहे ना?’ पेशंट बसून चहा पितोय, श्वास १६, बीपी १२४/७८, ताप काल सकाळपासून. अशा वेळी रिपोर्टवर बोट ठेवून वाद घालू नका. ‘वहिनी, एवढ्या आकड्यावरून भरती करायचं नसतं. यांचा श्वास, बीपी, लघवी ठीक आहे. उद्या सकाळी पुन्हा दाखवा. त्याआधी दम लागला, लघवी कमी झाली, पोटात दुखून उलट्या झाल्या किंवा बोलण्यात गडबड वाटली तर रात्रीसुद्धा या.’ मलेरियाची स्लाइड करा, सीबीसी उद्या परत लिहा, आणि या चार खुणा केस पेपरवर मराठीत लिहून द्या.